बारावी सायन्सनंतर मराठी साहित्य घ्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अंबाजोगाई तालुक्यातली एक मुलगी बारावी विज्ञान शाखेतून चांगल्या गुणांनी पास झाली आहे. घरच्यांना बी. फार्मसी हवं आहे. तिला कथा लिहायच्या आहेत आणि दोन-तीन छापूनही आल्या आहेत. ती विचारते: बी. ए.ला मराठी घेऊ की इंग्रजी? कुठल्या विद्यापीठात जाऊ? तिथे लिहायला शिकवतात का? आणि नंतर पोट कशावर भरायचं? मी बरीच वर्षं विद्यापीठात मराठी शिकवते आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. वयाने तू माझ्या विद्यार्थिनींएवढीच, म्हणून 'तू'च म्हणते.

आधी नावडतं सांगून टाकते: लिहायला शिकवत नाहीत. 'सर्जनशील लेखन' किंवा 'उपयोजित लेखन' नावाचा पेपर हल्ली बऱ्याच ठिकाणी असतो. पण वर्ग भरलेला असतो, शिकवणं व्याख्यानाचं आणि शेवटी लेखी परीक्षा. 'कथेचे घटक स्पष्ट करा' याचं उत्तर पानभर लिहिता येणारी मुलगी कथा लिहू शकेलच असं नाही. उलट कथा लिहिणारी मुलगी त्या प्रश्नात नापास होऊ शकते. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९३६ पासून लेखनाची कार्यशाळा चालते. तिथली मूळ रीत साधी आहे. थोडे लोक जमतात, एकाचा मसुदा सगळ्यांनी आधी वाचून आणलेला असतो, त्यावर बोलणं होतं आणि तोवर लिहिणाऱ्याने तोंड बंद ठेवायचं असतं. आपल्या विद्यापीठांत ही रीत रुजली नाही. आपल्याकडे लेखक तयार झाले ते संपादकांनी परत पाठवलेल्या हस्तलिखितांवरून, १९०९ च्या 'मनोरंजन'पासून सुरू झालेल्या दिवाळी अंकांमुळे, आणि साठच्या दशकात मुलांनी पदरचे पैसे घालून काढलेल्या अनियतकालिकांमधून, म्हणजे जमेल तेव्हा निघणाऱ्या छोट्या अंकांमधून.

मराठीतल्या मोठ्या लेखकांचे व्यवसाय एकदा बघ. गंगाधर गाडगीळ आणि पु. शि. रेगे अर्थशास्त्र शिकवायचे. विंदा करंदीकर मुंबईत आणि जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवायचे. विजय तेंडुलकरांचं शालेय शिक्षणच अर्धवट राहिलं. नारायण सुर्वे गिरणगावात वाढले, शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले. ग्रेस मात्र नागपुरात मराठीचेच प्राध्यापक होते, म्हणजे मराठी शिकवून कविता मरतेच असंही नाही. तेव्हा लेखिका व्हायचं म्हणून मराठी घेणार असशील तर ते कारण पुरेसं नाही. कथा तू फार्मसी करूनही लिहू शकतेस.

मग मराठी घ्यायचं कशासाठी? वाचायला शिकण्यासाठी. हे ऐकायला फिकं वाटतं. वाचता तर तुला येतंच. पण मी ज्या वाचण्याबद्दल बोलते आहे ते घरी एकटीने जमणं फार अवघड असतं.

तुझ्याच तालुक्याचं उदाहरण घे. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे, हे तू लहानपणापासून ऐकत आली असशील. त्यांच्या 'विवेकसिंधू'च्या शेवटी शके १११० असा काळ येतो, म्हणजे इ. स. ११८८. तो धरला तर हा मराठीतला आद्य ग्रंथ ठरतो आणि शाळेच्या पुस्तकात तसंच छापलेलं असतं. विद्यापीठात आल्यावर कळतं की या काळाबद्दल वाद आहे. भाषा तितकी जुनी वाटत नाही, असं अभ्यासकांनी म्हटलं आहे. ग्रंथ कुठे लिहिला याबद्दलही वाद आहे. विदर्भातल्या अंभोऱ्याचे लोक त्यावर हक्क सांगतात, आपण मराठवाड्याचे लोक आपला. आता प्रश्न असा की भाषा 'जुनी वाटते' किंवा 'वाटत नाही' हे ठरवायचं कसं? कुठल्या प्रत्ययावरून, कुठल्या क्रियापदाच्या रूपावरून? नक्कल करणाऱ्याने शंभर वर्षांनी आपल्या काळची रूपं घुसडली असतील तर? एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण तीनशे वर्षांत नकला करताना पाठ बिघडत गेले होते. म्हणजे आज आपण जी ज्ञानेश्वरी वाचतो तिच्यामागे एका संपादकाचा हात आहे, आणि तो संपादक स्वतः मोठा कवी होता. हे डोक्यात शिरलं की पुढे कुठलंही छापील पान तू पूर्वीसारखं वाचू शकत नाहीस.

किंवा 'लीळाचरित्र' घे. तेराव्या शतकातलं मराठी गद्य, म्हाइंभटांनी रिद्धपुरात सिद्ध केलेलं. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर निघून गेल्यावर त्यांच्या आठवणी शिष्यांकडे विखुरलेल्या होत्या. म्हाइंभटांनी काय केलं, तर ज्याच्या बाबतीत जे घडलं त्याच्याकडे जाऊन विचारलं आणि लिहून घेतलं. एकाला एक आठवतं, दुसऱ्याला थोडं वेगळं, तर ते वेगळेपणही परंपरेने सांभाळलं. वर्गात मी हा ग्रंथ उघडते तेव्हा पहिला तास मुलं वैतागतात, शब्द कळत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या तासाला कुणीतरी हसतं, कारण एखाद्या लीळेतलं, म्हणजे प्रसंगातलं, बोलणं थेट चावडीवरचं वाटतं. छोटी वाक्यं, प्रसंग मध्येच सुरू होतो, संवादातून माणूस उभा राहतो आणि लिहिणारा कुठेही 'तो रागावला' असं सांगत बसत नाही. कथा लिहिणाऱ्या मुलीला याहून चांगली शाळा मला माहीत नाही. नंतर या पंथाचे ग्रंथ सांकेतिक लिपीत गेले आणि कित्येक शतकं पंथाबाहेर कुणाला वाचताच येत नव्हते. वि. का. राजवाड्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती लिपी उलगडली. मराठी गद्याचा इतिहास त्यामुळे कित्येक शतकं मागे गेला.

हे सगळं अभ्यासक्रमात आहे. अभ्यासक्रम वाईट नसतो, हे मी मुद्दाम सांगते, कारण त्याला शिव्या घालण्याची फॅशन आहे. मध्ययुगीन वाङ्मय, आधुनिक वाङ्मय, भारतीय आणि पाश्चात्त्य साहित्यशास्त्र, भाषाविज्ञान, लोकसाहित्य, दलित, ग्रामीण, आदिवासी आणि स्त्रियांचं लेखन, एखाद्या लेखकाचा विशेष अभ्यास: कागदावर बघितलं तर कुठल्याही चांगल्या विद्यापीठाच्या तोडीचं आहे. सगळं बिघडतं ते गाइडमुळे. नेमलेली कादंबरी दीडशे रुपयांची असते आणि तिच्यावरचं गाइड साठ रुपयांचं. कादंबरीपेक्षा गाइड आधी खपतं. त्यात कथानक, व्यक्तिरेखा, भाषाशैली, 'शीर्षकाची समर्पकता' अशी ठरलेली खोकी आणि प्रत्येक खोक्यात दीड पान मजकूर. प्रश्नही वर्षानुवर्षं तेच. मूळ पुस्तकाचं पानही न उलटता प्रथम श्रेणीत एम. ए. झालेली मुलं आहेत, आणि हे आमच्या क्षेत्रात कुणालाही विचारलंस तरी नाकारणार नाही. पदवीचा कागद दोघींना सारखाच मिळतो, जिने वाचलं तिलाही आणि जिने गाइड वाचलं तिलाही. फरक पुढे कामाला लागल्यावर आठवड्याभरात दिसतो.

भाषाविज्ञानाबद्दल जरा सविस्तर बोलते. साहित्याच्या ओढीने आलेली मुलं त्याला घाबरतात, आणि तू विज्ञान शाखेची असल्यामुळे तुला ते आवडेल असा माझा अंदाज आहे. 'तिने पोळी खाल्ली' असं आपण म्हणतो. इथे 'ने' आला, आणि क्रियापद पोळीप्रमाणे स्त्रीलिंगी झालं. मग 'मी पोळी खाल्ली' मध्ये 'ने' कुठे गेला? हिंदीत 'मैंने' आहे, मराठीत 'मी'ला तो लागत नाही, 'तू'लाही लागत नाही. आणि 'तू पोळी खाल्लीस' मध्ये तर गंमतच आहे. 'खाल्ली' हे पोळीशी जुळलं आणि मागचा 'स' 'तू'शी. एकाच क्रियापदाने दोघांचं मन राखलं. शाळेत हे 'कर्मणी प्रयोग' म्हणून पाठ केलं होतं तेव्हा यात काही कोडं आहे असं वाटलं नव्हतं, हो ना? 'आपण' आणि 'आम्ही' यांतला भेद घे. समोरच्याला धरून की सोडून, हे मराठीत सर्वनामातच ठरतं. हिंदीच्या 'हम'मध्ये तो भेद नाही. गुजरातीत आहे, तेलुगूत आहे. मग मराठीत तो कुठून आला, शेजारच्या द्राविडी भाषांशी त्याचा संबंध किती, यावर वाचण्यासारखं पुष्कळ आहे.

तू घरी 'काय करायलास' म्हणत असशील आणि पुण्याच्या मुलींसमोर ते गिळत असशील. भाषाविज्ञानाच्या वर्गात ते गिळायचं नसतं, नोंदवायचं असतं. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या पाहणीतला मराठीचा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यानंतर शतकाहून अधिक काळाने पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण हाती घेतलं. गावोगाव जाऊन माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि नमुने इंटरनेटवर खुले ठेवले. अशा कामाला कान तयार असलेली मुलं लागतात, आणि मराठवाड्यातल्या खेड्यातून आलेल्या मुलीला तो कान बोलीसकट मिळालेला असतो. डेक्कन कॉलेजचा भाषाविज्ञान विभाग देशातल्या जुन्या विभागांपैकी आहे. भाषावैज्ञानिक अशोक केळकर तिथेच शिकवत. एम. ए. भाषाविज्ञान करायचं असेल तर तो पर्याय डोळ्यांपुढे ठेव. त्यासाठी बी. ए.ला मराठीच असावं लागतं असंही नाही.

मराठी की इंग्रजी? घरात पुस्तकं कुठल्या भाषेतली आहेत आणि तू कथा कुठल्या भाषेत लिहितेस, याचं उत्तर तूच दिलं आहेस: मराठी. मी मराठी मुख्य आणि इंग्रजी दुय्यम विषय घे म्हणेन. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय घ्यावा लागतोच, तेव्हा ती जागा वाया घालवू नकोस. इंग्रजीच्या विभागात समीक्षेचं वाचन सहसा जास्त होतं, आणि जगभरचं भाषांतरित साहित्य तुला इंग्रजीतूनच वाचावं लागणार आहे. मात्र आमच्याकडच्या इंग्रजी बी. ए.च्या कितीतरी वर्गांत शिक्षक कवितेचा मराठीत अर्थ सांगतात आणि मुलं गाइडमधून इंग्रजी उतरवून काढतात. त्यात ना इंग्रजी येतं ना कविता. इंग्रजी 'चांगलं होईल' म्हणून इंग्रजी साहित्य घेणार असशील तर घेऊ नकोस. भाषा सुधारायला त्याहून सोपे मार्ग आहेत.

तिसरी एक भाषा मात्र शिकच, आणि तुझ्या कामाला येईल अशी निवड. मराठवाड्यातली जुनी दप्तरं मोडी, उर्दू आणि फारसीत आहेत. २०२३ मध्ये निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधायची वेळ आली, आणि ती मिळेनात. मोडीचे वर्ग पुराभिलेख खातं आणि काही संस्था घेतात. काही महिन्यांचा सराव केला तर साधं दप्तर वाचता येऊ लागतं. फारसीला वेळ लागतो, पण मोडी, उर्दू आणि थोडी फारसी असलेली मराठीची एम. ए. मुलगी मला आजवर विरळाच भेटली आहे. पुण्यात राहणार असशील तर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग आहे. जर्मन, फ्रेंच, जपानी, रशियन संध्याकाळीही शिकता येतं. जपानीची पातळी-परीक्षा भारतात जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, आणि वरच्या पातळ्या पार केलेल्यांना पुण्यातल्या कंपन्यांत भाषांतराचं काम मिळतं. मराठी एम. ए.पेक्षा पगार बरा असतो, हे लपवत नाही.

कुठल्या विद्यापीठात जाऊ, हा प्रश्न मला उलटा वाटतो. बी. ए. तू विद्यापीठात करणार नाहीस, महाविद्यालयात करणार आहेस, आणि तिथे विद्यापीठाच्या नावापेक्षा मराठी शिकवणारे दोन-तीन शिक्षक कोण आहेत आणि ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं हे महत्त्वाचं आहे. एम. ए.ला मात्र विद्यापीठाचा विभाग बघ. तुझ्या जवळचं छत्रपती संभाजीनगरचं विद्यापीठ कमी लेखू नकोस. दलित साहित्याच्या चळवळीला त्या शहराने मोठं बळ दिलं. मिलिंद महाविद्यालय, गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' नियतकालिक, तो सगळा इतिहास तिथल्या ग्रंथालयांत आणि माणसांत आहे. पुण्याला विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय आहे, त्यासाठी पुण्याला जावं असं मी म्हणेन. मुंबईला विद्यापीठाखेरीज १८९८ चं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ नव्याने सुरू झालं आहे. कल्पना चांगली आणि जागा तर थेट लीळाचरित्राची, पण नव्या संस्थेत शिक्षक आणि पुस्तकं जमायला वेळ लागतो, तेव्हा प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याशिवाय ठरवू नकोस. महाराष्ट्राबाहेरही मराठी विभाग आहेत: गोवा, बडोदा, हैदराबादचं उस्मानिया, बनारस. वर्ग छोटे असतात, शिक्षकांशी बोलता येतं, आणि दुसरी भाषा रस्त्यावर फुकट शिकायला मिळते. उस्मानियात मराठी करताना उर्दू आणि तेलुगू कानावर पडणं ही चैन आहे.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हापासून मला पालक विचारतात की आता नोकऱ्या निघतील का. अध्यासनं, संशोधनाचा निधी, पुरस्कार या वाटांनी काही येईल. पण त्या भरवशावर मुलीने शाखा बदलावी असं मी कुणाला सांगितलेलं नाही, तुलाही सांगणार नाही.

आता पोटाचं. बहुतेक मुलं प्राध्यापक व्हायला येतात, तेव्हा आधी तेच. सहायक प्राध्यापकाचं सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. या आकड्याने भुलून पिढ्या आल्या. त्यासाठी एम. ए. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं. नेटमध्ये दोन पेपर मिळून १५० बहुपर्यायी प्रश्न, ३०० गुण, तीन तास. तू मन लावून वाचत असशील तर पास होशील, त्यात काही विशेष नाही. अडचण पुढे आहे. अनुदानित जागा निघतात त्या थोड्या आणि उशिरा. मधली वर्षं तासिका तत्त्वावर जातात, म्हणजे जितके तास शिकवलं तितके पैसे. सुट्टीत काही नाही, आणि पुढच्या जूनला पुन्हा मुलाखत. पीएच. डी. झालेली माणसं चाळिशीपर्यंत अशी शिकवताना मी पाहिली आहेत. काही ठिकाणी कायम जागेसाठी काय मागितलं जातं, ते तुझ्या वडिलांना मी न सांगताही माहीत असेल. म्हणून प्राध्यापकी हा एकमेव मार्ग धरून मराठीला येऊ नकोस. ती मिळालीच तर बरी.

शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयाचा मार्ग त्यापेक्षा रुंद आहे. कनिष्ठ महाविद्यालयाला एम. ए. आणि बी. एड., शाळेला पदवी, बी. एड. आणि पात्रता परीक्षा. भरती 'पवित्र पोर्टल' या सरकारी संकेतस्थळावरून होते, आणि तीही सरकारच्या सवडीने. केंद्रीय लोकसेवा परीक्षेला मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेता येतो, प्रत्येकी २५० गुणांचे दोन पेपर. तिकडे जायचं असेल तर तो विषय उपयोगी पडेल, पण त्या परीक्षेसाठी मराठीची पदवी मुळीच लागत नाही.

ज्या कामांची जाहिरात मोठी होत नाही ती खरी आमच्या मुलांना मिळतात. भाषांतर, मुद्रितशोधन, पाठ्यपुस्तकांचं संपादन, मालिका-चित्रपटांची उपशीर्षकं आणि डबिंगच्या संहिता, मोबाइल ॲपमधला मराठी मजकूर, न्यायनिवाड्यांची भाषांतरं. या प्रत्येक ठिकाणी पहिल्या दिवशी एकच गोष्ट तपासतात: शुद्ध लिहिता येतं का. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, असे फक्त अठरा आहेत. एम. ए. झालेल्यांपैकी ते नीट माहीत असलेली मुलं थोडी असतात. तू हे अठरा नियम या सुट्टीत शीक, आणि टंकलेखन युनिकोडमध्ये शीक. प्रकाशनाच्या व्यवसायात अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवर काम चालतं. एकातून दुसऱ्यात मजकूर नेला की र्‍हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं उधळतात, आणि मग ते निस्तरणारी मुलगी कार्यालयात सगळ्यांची लाडकी होते.

यंत्रं आता भाषांतर करतात, मग आपलं काय, हेही तू विचारलं आहेस. साध्या माहितीपर मजकुराचे दर त्यामुळे पडले, हे खरं आहे. त्याच वेळी यंत्राचा मसुदा दुरुस्त करण्याचं काम वाढलं, आणि ते करायला मूळ भाषा आणि मराठी दोन्ही पक्क्या लागतात. यंत्राला मराठी शिकवण्याचंही काम आहे. 'जग' हा शब्द घे. दुनिया या अर्थी 'ज'चा उच्चार तालव्य, 'जीवन'मधल्यासारखा, आणि 'तू जग' म्हणताना तो दंततालव्य, 'जवळ'मधल्यासारखा. लिपीत दोन्ही सारखेच दिसतात. मजकूर वाचून दाखवणाऱ्या यंत्राला कुठे काय म्हणायचं हे कुणीतरी वाक्यं तपासून सांगावं लागतं. ते सांगणारा अभियंता नसतो, ध्वनिविचार शिकलेला मराठी भाषक असतो. जिला बोलीही येते ती जास्त उपयोगाची.

घरच्यांचं म्हणणं मी धुडकावणार नाही. विज्ञानातून कलेत कधीही येता येतं, उलट जाता येत नाही. बी. एस्सी., बी. फार्म. केलेल्यांनाही अनेक विद्यापीठांत एम. ए. मराठीला प्रवेश मिळतो, आणि अशी मुलं माझ्या वर्गात असतात. शिस्त असते, मूळ पुस्तकं विकत घेतात, फक्त पहिलं सत्र त्यांना जड जातं. २०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने एका वेळी दोन पदव्या घ्यायला मुभा दिली आहे, म्हणजे एक नियमित करून दुसरी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून करता येईल. तेव्हा फार्मसी केल्याने मराठीचं दार बंद होत नाही. पण फार्मसीत मन अजिबात नसेल, नुसती चार वर्षं ढकलायची असतील, तर त्या खर्चात तू मराठीचं चार वर्षांचं ऑनर्स करशील आणि त्यानंतर एम. ए. एका वर्षात होईल. वडिलांसमोर खर्चाचा हा हिशेब कागदावर मांड. 'मला आवडतं' या वाक्यापेक्षा त्याचा उपयोग होतो.

लिहिण्यासाठी स्वतःचा गट काढ. चार-पाच मुली पुरतात. महिन्यातून एकदा भेटा, एकीचा मसुदा सगळ्यांनी आधी वाचून या, आणि जिचा आहे तिने ऐकायचं. व्हॉट्सॲपवर करू नका, तिथे सगळे 'छान' म्हणतात. पहिला संग्रह तयार झाला की राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, तिच्या अटी वाच. स्वतः पैसे भरून पुस्तक काढून देणारे प्रकाशक तुला शोधत येतील. त्यांना नाही म्हण.

आणि प्रवेशाआधी निदान दोन महाविद्यालयांत जाऊन ये. कार्यालयात नाही, मराठी विभागात. शिक्षकांना विचार की या वर्षी कुठली पुस्तकं नेमली आहेत आणि त्यांच्या ग्रंथालयात किती प्रती आहेत. मग ग्रंथालयात जाऊन तीच पुस्तकं माग आणि मागच्या तारखांचे शिक्के बघ. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला बाजूला घेऊन विचार की सर वर्गात पुस्तक उघडतात की वही. जिथे पुस्तक उघडतात तिथे प्रवेश घे, मग ते कॉलेज अंबाजोगाईचं असो की पुण्याचं.